गेम चालू असताना बंद पडणारा संगणक : नवा घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

गेम सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झालेली असतात आणि पडदा एकाएकी काळा होतो. कधी संगणक आपला आपण पुन्हा सुरू होतो, कधी पडदा काळाच राहून पंखे पूर्ण वेगाने घोंघावत राहतात, तर कधी सगळे यंत्र असे गार पडते की पुढचे बटण कितीही दाबले तरी ते हूं की चूं करत नाही. ब्राउझर, चित्रपट, ऑफिसचे काम हे सारे मात्र दिवसभर बिनतक्रार चालते. संगणक दुकानात नेला तर तिथे दोष दिसतच नाही, कारण दुकानात तो डेस्कटॉप येईपर्यंत चालवून पाहिला जातो आणि हा दोष उघडा पडतो तो ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार आल्यावर.

मग उपायांची ठरलेली उतरंड सुरू होते. आधी फॉरमॅट मारला जातो, मग रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसले जातात, मग रॅम बदलली जाते, मग ग्राफिक्स कार्ड ‘तपासणीसाठी’ आठवडाभर ठेवून घेतले जाते आणि शेवटी ‘आता यात पैसे घालू नका, नवाच घ्या’ असा सल्ला मिळतो. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. नवा संगणक घेण्यास माझा मुळीच विरोध नाही. अनेकदा तोच शहाणपणाचा निर्णय ठरतो. परंतु दोष कोणत्या भागात होता हे न कळताच नवा संगणक घेतला, तर जुना दोष त्याच्यात दोन वाटांनी शिरू शकतो. काटकसर म्हणून नव्या कॅबिनेटमध्ये बसवलेले जुने भाग ही पहिली वाट आणि घरातली वीज ही दुसरी. म्हणून निदान आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम सोडू नये.

कसा बंद पडतो, ते आधी नीट पाहावे

संगणक ‘बंद पडतो’ एवढ्या वर्णनावरून काहीच ठरत नाही. बंद पडल्यावर पुढचे बटण दाबून काहीही होत नसेल, आणि मागे एसएमपीएसचा (भिंतीतल्या विजेपासून संगणकाला लागणारी वीज तयार करणाऱ्या डब्याचा) खटका बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केल्यावरच यंत्रात जीव येत असेल, तर एसएमपीएसमधल्या संरक्षक यंत्रणेने स्वतःहून पुरवठा तोडला, असे समजण्यास जागा आहे. संगणक क्षणात आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर पुरवठा निमिषभर ढासळला असेल किंवा प्रोसेसरने स्वतःला रीसेट केले असेल. पडदा काळा झाला, पण हेडफोनमधून गेमचा किंवा मित्रांच्या बोलण्याचा आवाज येतच राहिला, तर बाकीचा संगणक जिवंत आहे आणि संशयाची सुई ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा मॉनिटरची केबल यांच्याकडे वळते. प्रत्येक वेळी यांपैकी काय घडले, कोणता गेम चालू होता आणि किती वाजले होते, हे वहीत लिहून ठेवावे. वेळेची नोंद पुढे किती उपयोगी पडते, ते विजेच्या भागात दिसेल.

विंडोजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन आपोआप पुन्हा सुरू होण्याची खूण काढून टाकावी, म्हणजे घातक चुकीचा निळा पडदा (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तो काळा असतो) आला तर तो वाचता येईल इतका वेळ थांबतो. त्यानंतर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडून ‘सिस्टम’ नोंदींमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद शोधावी. ही नोंद दिसताच अनेक जण एसएमपीएस खराब असल्याचे जाहीर करून मोकळे होतात, पण तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कामाची माहिती तिच्या तपशिलात असते. तिथे ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवण्याइतकाही अवकाश मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र जागीच गोठले. तिथे २९२ हा आकडा असेल, तर प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची घातक चूक कळवलेली असते. २७८ असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर थिजला आणि पुन्हा उभा राहू शकला नाही, असा त्याचा अर्थ. हे आकडे दशमान पद्धतीत असतात आणि निळ्या पडद्यावरचे संकेत षोडशमान पद्धतीत, त्यामुळे २९२ म्हणजेच पडद्यावरचा १२४ आणि २७८ म्हणजे ११६, हे लक्षात ठेवल्यास शोधाशोध करताना गोंधळ उडत नाही. याच यादीत ‘व्हीया-लॉगर’ (WHEA-Logger) या नावाच्या नोंदी वरचेवर दिसत असतील, तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये, कारण त्या हार्डवेअरकडूनच आलेल्या तक्रारी असतात.

वीज : एसएमपीएसचे लेबल, यूपीएस आणि अर्थिंग

फक्त गेममध्ये बंद पडणाऱ्या यंत्रांत मी सर्वांत आधी वीजपुरवठा पाहतो, आणि आपल्याकडे तो पाहावाच लागतो, कारण संगणक जुळवताना पैसे वाचवण्याची पहिली जागा म्हणजे एसएमपीएस, असा समज पक्का रुजलेला आहे. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते. कॅबिनेटची बाजू उघडून त्याच लेबलवरील बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात, त्यामुळे ‘+१२ व्ही’ या रकान्याखालचे अँपिअर तेवढे पाहायचे आणि त्यांना १२ ने गुणायचे. तिथे २० अँपिअर लिहिले असतील, तर तो एसएमपीएस कामाच्या अर्थाने २४० वॅटचा आहे. वरचे ४५० हे गिऱ्हाइकासाठी आहेत. लेबलवर दोन १२ व्होल्टचे रकाने असल्यास त्यांची सरळ बेरीज न करता, खाली दिलेली एकत्रित मर्यादा धरावी.

आता मागणी पाहू. आरटीएक्स ३०६० हे कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट घेते, रायझन ५ ३६०० सारखा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि मदरबोर्ड, पंखे, डिस्क यांचे चाळीस-पन्नास वॅट धरावे लागतात. ही बेरीज तीनशेच्या घरात जाते, आणि तीही सरासरी. ग्राफिक्स कार्डाची मागणी काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेते. या उसळ्यांचा उपद्रव इतका वाढला की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. त्याआधीचा आणि त्यातही हलका एसएमपीएस अशा उसळीला दचकून पुरवठा तोडतो. डेस्कटॉपवर ही उसळी येतच नाही, म्हणून तिथे सगळे आलबेल दिसते.

याची खातरजमा पैसे न खर्चता करता येते. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हे मोफत साधन घेऊन ग्राफिक्स कार्डाची ‘पॉवर लिमिट’ सत्तर टक्क्यांवर आणावी, गेममध्ये फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) साठवर बांधून टाकावा आणि ज्या गेममध्ये संगणक हमखास बंद पडतो, तोच खेळून पाहावा. एवढ्याने बंद पडणे थांबले, तर विंडोज आणि रॅम यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि एसएमपीएस किंवा कार्ड या दोघांतच शोध उरतो. मग मित्राचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळीपुरता जोडून पाहिला की निकाल लागतो. मात्र दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल आपल्या एसएमपीएसला जोडू नयेत. प्लग सारखाच बसत असला तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीच्या केबलने डिस्क किंवा मदरबोर्ड जळू शकतो. एसएमपीएस उघडण्याच्या फंदात तर कोणीही पडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विद्युतभार राहिलेला असतो.

केबल पाहताना ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग काढून उजेडात धरावा. जुन्या चार पिनांच्या दोन केबलवरून आठ पिनांचा ‘कन्व्हर्टर’ लावलेला असेल, तर विशेष बारकाईने पाहावे. एखाद्या भोकाच्या कडेचे पांढरे किंवा काळे प्लॅस्टिक तपकिरी पडलेले, किंचित फुगलेले असेल आणि नाकाशी नेल्यावर करपट वास येत असेल, तर तिथे संपर्क ढिला होऊन उष्णता साचत आहे. आठ पिनांच्या एका जोडणीला मानकानुसार १५० वॅट आणि मदरबोर्डच्या स्लॉटला ७५ वॅट एवढीच मर्यादा आहे. कार्डाला असे दोन प्लग लागत असतील, तर दोन स्वतंत्र केबल ओढाव्यात. एकाच केबलच्या शेपटीला असलेला दुसरा प्लग वापरू नये.

आता घरातली वीज. ओळखीतल्या कोल्हापूरच्या एका मुलाचा संगणक असाच गेममध्ये बंद पडत होता. दुकानाने रॅम बदलली, विंडोज दोनदा टाकले आणि मग नव्याची शिफारस केली. त्याने रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०६० टीआय घेतले, चांगला एसएमपीएसही घेतला, आणि दुपारी सगळे सुरळीत चालू लागले. पण संध्याकाळी संगणक पुन्हा बंद पडायचा. वहीतल्या वेळा पाहिल्या, तर त्या सगळ्या सात ते नऊमधल्या होत्या, म्हणजे त्या भागात दिवे झपकण्याची वेळ. जुना यूपीएस तसाच ठेवला होता. त्याच्यावर ६०० व्हीए लिहिलेले होते, आणि या आकाराचे बरेच यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात. गेम चालू असताना नवा संगणक आणि मॉनिटर मिळून भिंतीतून चारशे वॅटच्या आसपास ओढत होते. लाइट असेपर्यंत यूपीएस वीज नुसती पुढे सरकवत असल्याने काही बिघडत नसे. लाइट क्षणभर झपकली की सगळा भार त्याच्या बॅटरीवर येई आणि तो शिटी मारून मान टाकत असे. या घरात जुन्या एसएमपीएसचा दोष किती आणि यूपीएसचा किती, हे आता सांगता येणार नाही, पण रॅम आणि विंडोज यांचा त्यात काही संबंध नव्हता, एवढे निश्चित.

ज्यांच्याकडे घरभर इन्व्हर्टर आहे, त्यांनी त्याच्या मागचा किंवा बाजूचा खटका पाहावा. बहुतेक इन्व्हर्टरना ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ अशा दोन स्थिती असतात. पहिल्या स्थितीत लाइट गेल्यावर बॅटरीवर जाण्यास जो वेळ लागतो, तो पंख्या-दिव्यांना जाणवत नाही, पण संगणकाला जाणवतो, कारण चांगला एसएमपीएसदेखील पूर्ण भारावर साधारण १५ मिलिसेकंदच तग धरतो. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, हे पाहिले म्हणजे ही मुदत किती तोकडी आहे, ते ध्यानात येते.

अर्थिंगचे दुखणे आणखी वेगळे आहे. अनवाणी उभे राहून कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून देऊ नये. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल यांच्यातला गोंगाट अर्थिंगकडे वळवणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोचलेलीच नसेल, तर त्यांच्यामुळे कॅबिनेटचे पत्र्याचे अंग सुमारे ११५ व्होल्टवर, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण हेडफोनमध्ये गुणगुण येणे, कीबोर्ड-माऊस मध्येच तुटणे, किंवा केबल टीव्हीच्या जोडणीला टेकलेला मॉनिटर लावताना ठिणगी उडणे या गोष्टी इथूनच उगम पावतात. वायरमनला बोलावून त्याच सॉकेटवर तीन मापे घ्यायला सांगावीत. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही मापे जवळजवळ सारखी यावीत आणि न्यूट्रल-अर्थ हे माप एक-दोन व्होल्टच्या आसपास राहावे. तिसरे माप पन्नास-साठ व्होल्ट दाखवत असेल, तर लाख रुपयांचा संगणक त्या सॉकेटला लावण्याआधी अर्थिंगचे काम करून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

उरलेले संशयित

वीज निर्दोष ठरली, की रॅमकडे यावे. पेन ड्राइव्हवर ‘मेमटेस्ट८६+’ टाकून रात्रभर चालू ठेवावे, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात, आणि एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तरी ती चूकच मानावी. रॅममध्ये ‘थोड्याशा चुका’ चालत नाहीत. मात्र चूक दिसली म्हणून लगेच रॅम फेकू नये. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ चालू असेल, तर ते बंद करून पुन्हा तपासावे, कारण डीडीआर४ रॅम मूळ १.२ व्होल्टवर चालते आणि डब्यावर छापलेला वेग गाठण्यासाठी तिला बहुधा १.३५ व्होल्ट दिले जातात; तो वेग प्रोसेसरला किंवा मदरबोर्डला झेपत नसेल, तर रॅम निरोगी असूनही चुका दिसतात. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोनच पट्ट्या असतील, तर त्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

प्रोसेसर सहसा बिघडत नाही, हा अनुभव खरा होता, पण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी त्याला मोठा अपवाद घालून दिला. मायक्रोकोडमधील (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांमधील) चुकीमुळे हे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत आणि हळूहळू झिजत. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड दिले, आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातले फसवे लक्षण असे की अनरील इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचे गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश देत, आणि लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागत. प्रत्यक्षात गेमच्या फाइल उलगडताना आणि शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना प्रोसेसर चुकत असे. असा प्रोसेसर असेल, तर बायोस अद्ययावत करावेच, परंतु आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो. या प्रोसेसरचा जुना संगणक स्वस्तात मिळत असेल, तर वॉरंटी किती उरली आहे, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर कार्ड दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि ‘४१०१’ ही नोंद लिहिते. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुना ड्रायव्हर पुसून नवा टाकूनही ही नोंद येत राहिली, किंवा पडद्यावर रंगीत चौकटी आणि भलतीकडे ताणलेले त्रिकोण दिसू लागले, तर कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहावे. तिथेही तेच झाले, तर वाद संपला. डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे तिची प्रकृती दाखवणारे साधन उघडावे आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘१२९’ क्रमांकाची नोंद पाहावी. गेम दहा-वीस सेकंद गोठून पुन्हा चालू होत असेल, तर बहुधा ती सापडते.

उष्णतेवर फार खापर फोडले जाते. प्रोसेसर तापला तर आधी वेग कमी करतो आणि अगदी शेवटी बंद पडतो, त्यामुळे ‘एचडब्ल्यूइन्फो’मध्ये तापमान शंभराच्या जवळ न जाताच संगणक बंद पडत असेल, तर थर्मल पेस्ट बदलून काही साधणार नाही. कॅबिनेट मात्र संगणकाच्या टेबलातल्या बंद कप्प्यात कोंबलेले असेल, तर ते आजच बाहेर काढावे.

दुरुस्ती कुठे थांबवावी

दोष एसएमपीएस, रॅम किंवा डिस्कमध्ये सापडला, तर तो भाग बदलून थांबावे. तेवढ्यासाठी नवा संगणक घेणे मला उधळपट्टी वाटते. मदरबोर्ड गेला आणि प्रोसेसर सात-आठ वर्षांचा असला, तर हिशेब उलटतो. जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) नवा मदरबोर्ड मिळत नाही, मिळालाच तर बहुधा वॉरंटीशिवाय मिळतो. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर लागतात.

एक मधला मार्ग मात्र विसरू नये. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात हाताशी असलेली निर्दोष डीडीआर४ रॅम मोलाची ठरते. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीचा एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड ठणठणीत असेल, तर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवणे आणि फक्त ग्राफिक्स कार्ड बदलणे, यात नव्या संगणकाच्या तुलनेत बराच पैसा वाचतो. त्यापुढच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर४ चालत नाही, त्यामुळे तिकडे वळल्यास रॅमचा नवा खर्च अटळ आहे.

नवा संगणक घेताना आणि घेतल्यावर

जुन्यातले काय न्यावे, याचे उत्तर निदानानेच दिलेले असते. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट आणि तपासून निर्दोष ठरलेला एसएसडी खुशाल न्यावा. जुना एसएमपीएस, त्याच्या केबल, कन्व्हर्टर आणि जुना स्पाइक गार्ड यांतले काहीही नेऊ नये. एसएमपीएस निवडताना ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वाया जाणाऱ्या विजेबद्दल बोलतो, टिकाऊपणाबद्दल नाही, हे लक्षात घ्यावे, आणि वॉरंटीची वर्षे व १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत. कार्डाला नवी बारीक पिनांची १२व्ही-२एक्स६ जोडणी असेल, तर प्लग टक असा आवाज येईपर्यंत बसवावा आणि प्लगजवळच केबल तीव्र वाकवू नये. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० ची याच घराण्यातली पहिली जोडणी वितळल्याच्या घटना घडल्या, तेव्हा पूर्ण न बसलेला प्लग हे त्यामागचे एक ठळक कारण निघाले होते. ग्राफिक्स कार्ड घेताना ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही आवृत्त्या असतील, तर पडेल तो फरक देऊन १६ जीबीची घ्यावी, असे माझे मत आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन, खरेदी कुठूनही केली तरी प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा. जुळवलेल्या संगणकाला एकसंध वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची कंपनी वेगळी, मुदत वेगळी आणि सर्व्हिस सेंटरही वेगळे असते. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांकडून ग्राफिक्स कार्ड मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे विचारून घ्यावे, कारण ती पुष्कळदा विक्रीच्या देशापुरतीच असते. ‘जीएसटी बिल नको, दोन हजार कमी करतो’ हा सौदा वॉरंटीच्या दिवशी महागात पडतो.

पहिल्यांदा सुरू करताना घाबरवणाऱ्या काही गोष्टी दोष नसतात. एएम५ वर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा जुळवून घेताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. या वेळी बटण दाबून बंद करू नये. चित्र अजिबात येत नसेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, ते पाहावे. सगळे चालते, पण गेम संथ वाटतो, तर विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट साठवरच राहिला आहे का आणि बायोसमध्ये एक्सपो बंदच आहे का, हे तपासावे. डीडीआर५ च्या चार पट्ट्या एकदम बसवण्याचा मोह टाळावा. रायझन ७००० साठी एएमडीने चार पट्ट्यांना ३६०० चाच (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) अधिकृत वेग दिला आहे, तर दोन पट्ट्यांना ५२०० पर्यंत.

त्यानंतर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, यंत्राला मुद्दाम छळावे. एक रात्र मेमटेस्ट८६+, मग तासभर ‘ओसीसीटी’ची पॉवर चाचणी, जिच्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावर एकाच वेळी पूर्ण भार येतो, आणि मग जुन्या संगणकाला हमखास झोपवणारा तोच गेम, त्याच सॉकेटवर, त्याच वेळेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ किंवा व्हीया-लॉगर दिसले, तर स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेऊन त्याच दिवशी लेखी कळवावे. तोंडी ‘पाहू, घेऊन या’ यावर विसंबल्यास मुदत निघून जाते. विक्रेता टोलवाटोलवी करू लागला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचे शुल्क नाही. त्या वेळी बिल, सिरियल नंबर आणि लेखी पत्रव्यवहार हेच कामी येतात.

जुन्या संगणकाचे जे भाग तपासणीत निर्दोष ठरले, ते विकायला हरकत नाही, मात्र घेणाऱ्याला तपासणीचे निकाल दाखवावेत. एसएमपीएस सदोष निघाला असेल, तर तो ‘असू दे, कुणाला तरी उपयोगी पडेल’ म्हणून माळ्यावर ठेवू नये आणि गरजू विद्यार्थ्याला भेटही देऊ नये. प्लग काढून ठेवलेल्या त्या एसएमपीएसवर मार्करने ‘खराब’ असे ठळक लिहावे आणि तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात देऊन टाकावा.